मायटोफॅजी

मायटोफॅजी : पेशीने आपल्याच काही तंतुकणिका, म्हणजे ऑक्सिजन वापरून पेशीला ऊर्जा पुरवणारे मायटोकाँड्रिया, निवडून पचवण्याची प्रक्रिया. हा स्वभक्षणाचा (ऑटोफॅजीचा) एक प्रकार. निवडलेल्या तंतुकणिकेभोवती दुपदरी पटलाची पिशवी तयार होते, ती लयकारिकेला (पेशीतल्या पाचक पिशवीला, म्हणजे लायसोसोमला) जाऊन मिळते आणि तिथली विकरे (एन्झाइम्स) आतला ऐवज फोडतात. सुटे झालेले घटक पेशी पुन्हा वापरते.

हिचे वर्णन बहुधा ‘पेशीतली साफसफाई’ असे केले जाते. ते अर्धेच खरे आहे; कधी धडधाकट तंतुकणिकाही काढून टाकल्या जातात. वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या एखाद्या पॅथॉलॉजी लॅबमधून रक्ताचा रिपोर्ट आणला, तर त्यात कधीकधी ‘रेटिक्युलोसाइट काउंट’ असा रकाना असतो. त्या म्हणजे अस्थिमज्जेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या कोवळ्या तांबड्या पेशी. काचपट्टीवर निळ्या रंजकाने त्यांच्यातला उरलासुरला आरएनए जाळीसारखा उमटतो. केंद्रक आधीच गेलेले असते. काही तंतुकणिका मात्र अजून असतात. एकदोन दिवसांत त्याही जातात, आणि त्या बिघडलेल्या असतात म्हणून नव्हे. त्यांच्या बाह्यपटलावरचे निक्स हे प्रथिनच पिशवीला धरते. पुढे सुमारे 120 दिवस ही पेशी नुसत्या ग्लायकोलिसिसवर, म्हणजे ऑक्सिजनशिवाय ग्लुकोज फोडून मिळणाऱ्या ऊर्जेवर, जगते. शरीरभर ऑक्सिजन पोचवते, स्वतः तो जाळत नाही. निक्स नसलेल्या उंदरांत तंतुकणिका पेशीत राहून जातात, पेशी लवकर मरतात आणि ॲनिमिया होतो.

बिघडलेल्या तंतुकणिकांची वाट वेगळी. धडधाकट तंतुकणिका पिंक-1 हे प्रथिन आत ओढून घेते, तिथे ते कापले जाते आणि मग नष्ट होते. आंतरपटलावरचा विद्युत्‌विभव कोसळला की पिंक-1 दारातच अडकते, साचते आणि पार्किन या दुसऱ्या प्रथिनाला कामाला लावते. पार्किन बाह्यपटलावर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाच्या साखळ्या चढवते. हीच पिशवीसाठी खूण. पार्किन अशा तंतुकणिकांवर गोळा होते, हे रिचर्ड यूल यांच्या प्रयोगशाळेने 2008 मध्ये दाखवले. पिंक-1 किंवा पार्किन यांपैकी एकाच्या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असल्या, तर तुलनेने तरुण वयात पार्किन्सन होऊ शकतो. बहुसंख्य रुग्णांत मात्र ही जनुके शाबूत असतात.

उपासाने मायटोफॅजी होते, हा व्हॉट्सॲपवरचा दावा सरसकट मानू नये. उपासमारीत स्वभक्षण वाढते खरे, पण प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी उपाशी ठेवल्या, तर तंतुकणिका एकमेकींत मिसळून लांबट होतात आणि पिशवीत सापडत नाहीत. शिवाय साबुदाण्याच्या खिचडीवर काढलेल्या एकादशीला उपासमार म्हणणे कठीणच.