लास्ट नोन गुड आणि सिस्टिम रिस्टोअर: दोन्ही मागे नेतात, पण किती?

पुण्यातल्या पेठांमध्ये डीटीपीवाल्यांकडे (कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवणाऱ्यांकडे) एखादं विंडोज एक्सपीचं मशीन अजून सापडतं. जुनी श्रीलिपी (मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर) आणि पेजमेकर (पानं लावायचं सॉफ्टवेअर) त्याच्यावरच चालतात, म्हणून जपलेलं. पावसाळ्यात लाईट ये-जा करते, यूपीएसची बॅटरी बसलेली, आणि एका सकाळी काळ्या स्क्रीनवर मेसेज: विंडोज\सिस्टिम३२\कॉन्फिग\सिस्टिम ही फाइल सापडत नाही किंवा खराब झाली आहे.

मग सल्ले सुरू. एक म्हणतो, मशीन सुरू होताना एफ ८ दाबून लास्ट नोन गुड, म्हणजे शेवटची नीट चाललेली सेटिंग घे. दुसरा म्हणतो, सिस्टिम रिस्टोअर मार, मशीन आधीच्या तारखेच्या स्थितीत जाईल. दोघांनाही वाटतं, आपण एकच गोष्ट सांगतोय.

लास्ट नोन गुड रजिस्ट्रीचा (विंडोजच्या सगळ्या सेटिंगच्या नोंदवहीचा) एक तुकडाच बदलतं: ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारे प्रोग्रॅम) आणि सर्व्हिस (मागे चालणारे प्रोग्रॅम) यांच्या सेटिंगचा संच, म्हणजे कंट्रोल सेट. नवा ड्रायव्हर टाकला आणि मशीन उठेना, तर हाच उपाय. मात्र एकदा यशस्वी लॉगिन झालं की चालू संच ‘गुड’ ठरतो आणि आधीचा गेला. शिवाय हा राखीव संच असतो त्याच सिस्टिम फाइलमध्ये. कपाटाची दुसरी चावी कपाटातच! फाइलच फाटली असेल तर एफ ८ कितीही दाबा.

सिस्टिम रिस्टोअर रजिस्ट्रीच्या सगळ्या मुख्य फाइलींची प्रत वेगळ्या, लपवलेल्या फोल्डरमध्ये ठेवतं. सोबत काही सिस्टिम फाइलीही. माय डॉक्युमेंट्सला हात लावत नाही. अडचण एवढीच, की एक्सपीत ते चालवायला आधी विंडोज सुरू व्हावं लागतं.

म्हणून वळसा. एक्सपीच्या सीडीवरून आर दाबून रिकव्हरी कन्सोलमध्ये (विंडोज न उठताही कमांड टाइप करून दुरुस्ती करता येते तिथं) जायचं आणि आधी चेकडिस्क, म्हणजे डिस्कमधल्या चुका शोधून दुरुस्त करणारी कमांड, चालवायचं. पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. नाही भागलं तर कॉन्फिगमधल्या सिस्टिम, सॉफ्टवेअर, सॅम, सिक्युरिटी, डिफॉल्ट या पाच फाइलींची नावं बदलायची (पुसायच्या नाहीत!) आणि विंडोज\रिपेअरमधल्या प्रती तिथं टाकायच्या. त्या बहुतेक इन्स्टॉलेशनच्या वेळच्या असतात, त्यामुळे मशीन उठतं ते विसरभोळं होऊन. मग सेफ मोडमध्ये (मोजक्याच ड्रायव्हरवर विंडोज सुरू करून) जाऊन सिस्टिम रिस्टोअरच्या त्या लपवलेल्या फोल्डरमधल्या ताज्या प्रती बाहेर काढायच्या आणि पुन्हा कन्सोलमधून त्या जागेवर बसवायच्या. मशीन बनवणाऱ्या कंपनीनंच एक्सपी भरून दिलेल्या मशीनवर हे करू नये, असं मायक्रोसॉफ्टनंच बजावलंय. कारण तिथं रिपेअरमधली खाती आणि पासवर्ड तुमचे नसतात.

महिन्याभरात तीच फाइल पुन्हा बिघडली तर रजिस्ट्रीच्या मागे लागू नका. रॅम तपासा, हार्डडिस्क बदला.