जुन्या गाडीला पीयूसी (धूर तपासणीचं प्रमाणपत्र) माफ असतं का? आणि गाडीत काय बदलता येतं?
(आमच्या गॅरेजच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

"गाडी आता पंधरा वर्षांची झाली, म्हणजे पीयूसीची कटकट संपली ना?" असं विचारणारं कोणी ना कोणी काउंटरवर येतंच. विचारणाऱ्याचा मुलगा किंवा पुतण्या बहुधा अमेरिकेत असतो आणि त्यानं सांगितलेलं खोटंही नसतं. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या मॉडेलच्या पेट्रोल गाड्यांना धुराच्या तपासणीतून सूट आहे. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांवरची गाडी, गेल्या तीस वर्षांत तिच्यात मोठा बदल केलेला नसेल, तर वार्षिक तपासणीतून सुटते. पण काका, आपली पाटी एमएच १५ ची, नाशिकची आहे.

आपल्याकडे वयाची माफी नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला ११५ वा नियम म्हणतो, की पहिल्या नोंदणीला एक वर्ष झालं की गाडीजवळ चालू पीयूसी हवं. सुटते ती नवी कोरी गाडी, तीही वर्षभरापुरती, आणि बॅटरीवरची गाडी, कारण तिला धूरच नाही. जुन्या गाडीला उलट हेलपाटे जास्त. बीएस म्हणजे भारत स्टेज, धुराच्या सरकारी मानकांचे टप्पे; आकडा मोठा तितकं माप कडक. बीएस-४ आणि त्यापुढच्या गाडीचं पीयूसी वर्षभर चालतं, त्याआधीच्या गाडीचं सहाच महिने.

सवलत आहे ती मापात. तुमच्या १९९६ च्या मारुती ८०० ला आजच्या गाडीचं माप लावत नाहीत. बीएस-२ च्या आधीच्या पेट्रोल कारला आयडलिंगवर (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत आणि हायड्रोकार्बन १,५०० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत इतके भाग) चालतं. बीएस-२ आणि बीएस-३ ला हेच ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम. बीएस-४ पासून पुढे ०.३ टक्के आणि २०० पीपीएम, शिवाय इंजिन साधारण २,५०० आरपीएमवर धरून आणखी एक रीडिंग घेतात, त्यात कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्क्यांच्या आत लागतो. डिझेलचं मोजमाप वेगळं. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धुराचा काळेपणा बघतात, त्याचा आकडा याच्या आत लागतो: बीएस-४ च्या आधीच्या गाडीला २.४५, बीएस-४ ला १.६२, बीएस-६ ला ०.७. आजोबांना नातवाच्या वर्गातला पेपर दिलेला नाही. त्यांच्या पेपरात मात्र त्यांनी पास व्हायलाच हवं.

इथे नाशिककरांनी एक गोष्ट बघून ठेवावी. २०१० मध्ये बीएस-४ आधी तेरा शहरांत आलं. त्यात मुंबई होती, पुणं होतं, सोलापूरसुद्धा होतं, नाशिक नव्हतं. देशभर ते सक्तीचं झालं १ एप्रिल २०१७ ला. त्यामुळे मधल्या काळातली गाडी, तेच मॉडेल, तेच साल, पुण्यात घेतलेली बीएस-४ आणि इथे घेतलेली बीएस-३ असं होऊ शकतं. सेकंडहँड गाडी घेताना सालावरून अंदाज बांधू नका, आरसीवरची (नोंदणी प्रमाणपत्रावरची) नोंद वाचा. पीयूसी केंद्रात गेलात की ऑपरेटरच्या स्क्रीनवर कुठला टप्पा दिसतोय तेही विचारा. बीएस-३ ची गाडी बीएस-४ च्या मापात तोलली गेली, तर बिचारी विनाकारण नापास होईल.

गाडी नापास का होते

पीयूसी आम्ही देत नाही. आम्ही गाडी त्या लायकीची करून देतो, तपासणी तुम्ही कुठल्याही मान्यताप्राप्त केंद्रात करा. आमच्या अनुभवात कार्बोरेटरवाली गाडी नापास होण्याची कारणं फार गूढ नसतात. एअर फिल्टर चोंदलेला, चोक अर्धवट अडकलेला, प्लग काळे, पॉइंटचा गॅप गेलेला, टायमिंग हललेलं. हे केलं आणि ट्यूनिंगचा स्क्रू कानानं न लावता मीटरवर लावला, की बऱ्याच गाड्या आरामात मापात बसतात. कानानं लावणारे जुने मिस्त्री आम्हीही पाहिलेत आणि त्यांच्याबद्दल आदरच आहे, पण गाडी गोड चालते म्हणजे कार्बन मोनॉक्साइड कमी असतो असं नाही. मिश्रण थोडं जास्त पेट्रोलचं असलं की इंजिन उलट मऊ चालतं.

निळा धूर दिसला तर ट्यूनिंगवर पैसे घालवू नका. गाडी ऑइल खातेय. व्हॉल्व्ह सील किंवा रिंगा बघाव्या लागतील आणि तो खर्च मोठा असतो, हे आधीच सांगतो.

पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप, डायफ्रॅम आणि गॅस्केट त्या काळच्या पेट्रोलसाठी केलेले. ते फुगतात, मऊ पडतात. पेट्रोलचा वास येऊ लागला तर पीयूसीचं नंतर बघू, आधी पाइप बदला.

डिझेलचा काळा धूर बहुतेक वेळा डिझेल फवारणारं नोझल, पंप, एअर क्लीनर किंवा टर्बोचा फाटलेला होज यांतून येतो. ज्या गावात मायको (आजची बॉश) कंपनीच्या नावाचं सर्कल आहे, जिच्या सातपूरच्या कारखान्यात नोझल बनवण्यात पिढ्या गेल्या, तिथे नोझल तपासून देणारा माणूस शोधावा लागत नाही. तरीही लोक नोझल न तपासता थेट पंप उघडायला सांगतात. आधी स्वस्तातलं बघू या.

तपासणीला गाडी गरम करून न्या. घरातून काढून थंडच नेली तर रीडिंग वर जातं. जानेवारीत सकाळी आठला तर हमखास. पंधरा-वीस मिनिटं गाडी फिरवा आणि मग केंद्रावर जा.

गाडी न नेता घरबसल्या पीयूसी काढून देतो, असं सांगणारे भेटतात. २०२१ पासून देशभर एकच नमुना आहे, त्यावर क्यूआर कोड असतो आणि गाडीच्या नंबरप्लेटचा फोटोही. खोटं पकडलं गेलं तर कागद तुमच्या नावावर आहे, त्या माणसाच्या नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० मध्ये प्रदूषणाच्या मानकांचा भंग केल्यास पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. विम्याचं नूतनीकरण करतानाही २०२४ पर्यंत चालू पीयूसीची अट होती. मात्र पीयूसी संपलं होतं एवढ्याच कारणानं अपघाताचा दावा नाकारता येत नाही, हे विमा नियामक प्राधिकरणानं २०२० मध्ये स्पष्ट केलंय. कोणी तसं सांगून दावा परत पाठवत असेल तर गप्प बसू नका.

मॉडिफिकेशन: आरसी म्हणजे गाडीचा सातबारा

सातबाऱ्यावर एक पीक आणि शेतात दुसरंच उभं असलं की तलाठी भाऊसाहेबांकडे खेटे सुरू होतात. गाडीचं तसंच आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की कंपनीनं ठरवून दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात आलेल्या १८२-अ कलमानुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. "प्रत्येक बदलामागे" हे शब्द नीट वाचा. जीपवर चार हौशी केल्या असतील तर गुणाकार तुम्हीच करा.

सगळ्यात जास्त घोटाळा इंजिनाचा होतो. एक काळ असा होता की डिझेल स्वस्त म्हणून ॲम्बेसेडर आणि पद्मिनीत डिझेल इंजिन टाकून घेणं सर्रास चाले. आमच्या वडिलांनीही तशा गाड्या केल्या, आणि छान केल्या. त्यातल्या ज्यांची आरसीवर नोंद झाली त्या आजही अडत नाहीत. ज्यांची राहिली त्यांचे नातू आमच्याकडे येतात, आरसीवर इंधन पेट्रोल आणि बॉनेट उघडलं की डिझेलची टकटक. अशी गाडी पीयूसीलाच अडते, कारण पेट्रोलच्या मीटरवर डिझेल तपासता येत नाही. मग री-पासिंगला (नोंदणीच्या नूतनीकरणाला) इंजिन नंबर जुळत नाही. मालक म्हणतो, "इतकी वर्षं चालली की!" चाललीच. कोणी बॉनेट उघडलं नव्हतं.

मूळ इंजिन निकामी झालं असेल तर त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं इंजिन, बिलासकट आणि आरटीओची परवानगी घेऊन बसवायचा रस्ता मोकळा आहे. भंगार बाजारातून आणलेल्या इंजिनाला बिल नसेल तर आम्ही ते बसवत नाही. राग मानू नका. ते कुठल्या गाडीतून आलं हे कुणालाच माहीत नसतं.

सीएनजीला कायद्यानं वाट करून दिलेली आहे, इलेक्ट्रिक किटलाही. अट अशी, की किट तुमच्या मॉडेलसाठी मान्यता मिळालेलं हवं, बसवणारा अधिकृत हवा आणि बदल झाल्यापासून चौदा दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर नोंद व्हायला हवी. विमा कंपनीलाही कळवा. सीएनजीची टाकी दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्टला (पाण्याच्या दाबाच्या तपासणीला) जाते. स्वस्तात मिळतेय म्हणून दुसऱ्या गाडीची उतरवलेली टाकी कोणी घेऊन आलं, तर आम्ही हात लावणार नाही.

दुसरा मोठा विषय सायलेन्सरचा. मधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग, म्हणजे कॅट) काढून साधा पाइप घातला की आवाज भारी येतो, पिकअप वाढल्यासारखा वाटतो, आणि पीयूसीच्या दिवशी मीटर खरं बोलतो. काही ठिकाणी "जुना कॅट द्या, सायलेन्सर फुकट बसवून देतो" अशी ऑफर असते. ती दानधर्माची नाही. कॅटमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम असतं, आणि ते तुमच्या फुकट सायलेन्सरपेक्षा कितीतरी महाग असतं. डिझेलचा ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारा व्हॉल्व्ह) बंद करणं, डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) रिकामा करून रीमॅप मारणं, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं, हेही आम्ही करत नाही. डीपीएफ सारखा चोंदत असेल तर गाडी रोज कॉलेज रोड ते गंगापूर रोड एवढीच फिरतेय का ते सांगा. कसाऱ्यापर्यंत एक चक्कर बऱ्याचदा औषधाचं काम करते.

बाकीचं थोडक्यात. रंग बदलता येतो, पण आरसीवर रंग लिहिलेला असतो, त्यामुळे नोंद हवी. पुढचा बुलबार (बंपरवरचा लोखंडी गार्ड) नको, केंद्रानं २०१७ मध्येच त्यावर कारवाई करायला राज्यांना सांगितलंय. काचांवरची काळी फिल्म सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये बंद केली. पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आत यायला हवा. सीट कव्हर, टेप, मॅट, आतले दिवे, यांची काळजी करू नका. नंबरप्लेटवर ४१४१ चा "दादा" किंवा २१४ चा "राम" करायची हौस मात्र आता सोडा. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांनाही हाय सिक्युरिटी प्लेट लागते आणि तिच्यावर ठरलेल्या नमुन्यातलीच अक्षरं-आकडे असतात.

पंधरा वर्षांनंतरचं पासिंग

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे गाडी दाखवून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होतं. मुदत संपण्याआधी साठ दिवसांत अर्ज करता येतो. आपलं आरटीओ पेठ रोडला, तिथे गाडी समोर उभी करावी लागते. कारला केंद्राचं शुल्क एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये आहे, वीस वर्षांवरच्या कारला ऑगस्ट २०२५ पासून १०,०००. उशीर झाला तर कारला महिन्याला ५०० रुपये वर. शिवाय राज्याचा पर्यावरण कर. चालू विमा आणि चालू पीयूसी नसेल तर खिडकीवरूनच परत याल.

दिल्लीच्या बातम्या वाचून घाबरून गाडी भंगारात देऊ नका. दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांचा तो विषय राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१४-१५ च्या आदेशांपासून सुरू झाला आणि तो दिल्ली-एनसीआरचा आहे. त्यामुळे तिकडच्या गाड्या इकडे स्वस्तात येतात, हेही खरं. घेण्याआधी ना-हरकत प्रमाणपत्र बघा आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स धरून हिशेब करा. स्वस्ताई तिथेच विरघळते.

"व्हिंटेज" म्हणजे काय

२०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांवरची आणि चॅसी, बॉडी, इंजिन मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी म्हणजे व्हिंटेज. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, आणि नंबरात "व्हीए" ही अक्षरं. पण ती गाडी रोज भाजी आणायला नेता येत नाही, धंद्यालाही लावता येत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल, इंधन भरणं, अशा कामांसाठीच रस्त्यावर आणायची.

म्हणजे लग्नाच्या वरातीत नवरदेव मिरवतो ती लांब नाकाची उघडी गाडी बहुधा व्हिंटेज नसते. जीपच्या नाहीतर मारुतीच्या सांगाड्यावर पत्रा ठोकून ती बनवलेली असते. आणि खरी व्हिंटेज असेल तर ती भाड्यानं देता येत नाही. असली गाडी विकत घ्यायचा विचार असेल तर सौदा ठरण्याआधी आरसी घेऊन आमच्याकडे या. चॅसी नंबर वाचायला दहा मिनिटं लागतात, त्याचे पैसे आम्ही घेत नाही.