ओढ्यातला दगड उलटा करून बघा

ओढा म्हटलं की आपण वरून वाहणारं पाणी बघतो, पण खरा कारभार चालतो तो दगडाखाली आणि वाळूत. पाऊस थांबून महिना दोन महिने झाले तरी ओढा वाहत असतो, ते सगळं आजूबाजूच्या जमिनीत मुरलेलं पाणी असतं, हळूहळू पाझरत येणारं. काठावरच्या विहिरींनाही बहुतेक वेळा तेच पाणी असतं, म्हणून उपसा वाढला की ओढा लवकर आटतो आणि लोक म्हणतात यंदा पाऊसच कमी झाला.

जिथे पाणी खळखळतं तिथला एखादा दगड उचलून उलटा करा. चपट्या अंगाच्या, मागे दोन-तीन शेपट्या असलेल्या अळ्या सरपटताना दिसतील, त्या मेफ्लाय नावाच्या उडणाऱ्या किड्याच्या, पोटाच्या दोन्ही बाजूंना त्यांचे बारीक कल्ले असतात. शेजारीच वाळूचे कण चिकटवून केलेली इवलीशी नळी दिसली तर ते कॅडिसफ्लाय या दुसऱ्या उडणाऱ्या किड्याच्या अळीचं घर, तोंडातून रेशीम काढून ती एकेक कण जोडते, आणि हे काम बघताना मला दरवेळी थक्क व्हायला होतं! या दोघींच्या बऱ्याचशा जातींना भरपूर ऑक्सिजन लागतो. त्या गायब होऊन नुसत्या लालभडक अळ्या उरल्या तर समजायचं की वरच्या अंगाला काहीतरी बिघडलंय.

20 अंश तापमानाच्या पाण्यात लिटरला जास्तीत जास्त 9 मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन विरघळून राहतो, 30 अंशाला साडेसातच्या आसपास. म्हणजे काठाची झाडं तोडली, सावली गेली, की पाणी तापून तिथेच फटका बसतो. त्यात वरच्या वस्तीचं सांडपाणी आणि शेतातलं खत उतरलं की शेवाळ माजतं. हे शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं पण रात्री उलट खातं, सडायला लागलं की जंतू अजून खातात, आणि पहाटे पाण्यात जवळपास काहीच उरत नाही. खालच्या गावाला सकाळी मेलेले मासे दिसतात, तक्रार होते, दुपारी कोणीतरी येऊन पाणी तपासतं आणि रिपोर्ट येतो सगळं ठीक आहे, कारण तोपर्यंत ऊन पडून ऑक्सिजन परत वर आलेला असतो. वरची वस्ती आणि खालचं गाव, दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात आणि भांडण वाढत जातं, म्हणून सॅम्पल घ्यायचंच असेल तर उजाडायच्या आत घ्या, ऑक्सिजन मोजायचं मीटर तिथेच पाण्यात बुडवून.