धक्क्याचा पाय वाळूत

बंदराच्या धक्क्याची पोलादी भिंत समुद्रतळात खोलवर ठोकलेली असते. मागचा भराव तिला सतत पाण्याकडे ढकलतो. पुढून तिचा पाय धरून ठेवते ती तळातली वाळू. ही वाळू दोन-तीन मीटर खरवडली गेली, तर वर क्रेन, रस्ता, कंटेनर सगळं जागच्या जागी दिसतं आणि खाली भिंतीचा पायथा पुढे सरकू लागलेला असतो.

वाळू नेतं कोण? बंदराच्या आत लाटांचा जोर फारसा पोचत नाही. बहुतेक वेळा नेतं ते जहाजच. प्रोपेलरचा झोत सेकंदाला 6 ते 8 मीटर वेगाने निघू शकतो. बारीक वाळू हलायला अर्धा मीटरही पुरतो. त्यात जहाजाच्या पुढच्या टोकातला आडवा पंखा, म्हणजे बो थ्रस्टर, जहाज आडवं सरकवतो, तेव्हा त्याचा झोत भिंतीवर आपटून खाली वळतो. म्हणजे नेमका नको तिथे. फेरीबोटी तर दिवसातून अनेकदा त्याच जागी हे करतात.

मग मोठे दगड टाकावेत? वेग दुप्पट झाला की दगडाचा व्यास चौपट लागतो, म्हणजे वजन 64 पट. जिथे 50 किलोंचा दगड टिकत होता तिथे आता 3 टनांहून मोठा हवा, तोही दोन थरांत आणि खाली फटींतून वाळू निसटू नये म्हणून गाळणीचा थर. एवढी जाडी बसवून जहाजाला पुरेशी खोली ठेवायची, तर तळ वाचवण्यासाठी आधी तळच खोदावा लागतो, आणि भिंतही आणखी खोल न्यावी लागते!

म्हणून अनेक ठिकाणी काँक्रीटची गादी घालतात. पाणबुडे दुपदरी कापड अंथरतात आणि त्यात पंपाने पातळ काँक्रीट भरतात. दगडांपेक्षा ती खूप पातळ असते, पण तिचं दुखणं कडेला. झोत कडेखाली शिरला की अख्खी गादी उचलली जाऊ शकते. त्यामुळे कडा चरात खाली वळवतात, भिंतीलगतची फट बुजवतात. पियांक या जलवाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2015 मध्ये या विषयावर स्वतंत्र मार्गदर्शिकाच काढली.

उघड्या तळावर नजर ठेवायला सोनार, म्हणजे ध्वनिलहरींनी तळ मोजणारं यंत्र असतं, पण ते एका बाबतीत फसवतं. पडलेला खड्डा पुढे मऊ गाळाने भरून येतो आणि नकाशावर तळ सपाट दिसतो. तो गाळ भिंतीला आधार मात्र देत नाही, म्हणून संशयाच्या जागी तळ टोचूनही पाहावा लागतो.