टॉर्टिया दुमडतो, मग भाजीचा काप का तुटतो?

कुणाला ग्लुटेन (गव्हातलं प्रथिन) वर्ज्य असतं, कुणाला कर्बोदकं मोजून खायची असतात, कुणाचं धान्यच बंद असतं. अशा पथ्यात टॉर्टियाऐवजी, म्हणजे सारण भरून खायच्या मेक्सिकन पोळीऐवजी, भाजीचा पातळ गोल काप वापरता येतो. अडचण येते ती सारण भरून दुमडताना. काप मधोमध कडकन तुटतो आणि सगळं ताटात सांडतं. मग भाजीला दोष दिला जातो. खरं तर टॉर्टिया ज्या कारणाने वाकतो, ते कारण कापात नसतंच.

गव्हाच्या टॉर्टियात ग्लुटेनचं ताणलं जाणारं जाळं असतं. मक्यात ते नाही, म्हणून मेक्सिकोत मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवून त्यातच मुरत ठेवतात. चुन्यामुळे दाण्याचं साल सुटतं, पेशीभित्तीतले काही घटक विरघळून डिंकासारखे चिकट होतात आणि पीठ धरून राहतं. भाजल्यावर दोन्ही प्रकारांत शिजलेल्या, ओलसर स्टार्चचा थर तयार होतो. तो मऊ असतो, म्हणून वाकतो.

कच्च्या भाजीचा काप म्हणजे पाण्याने टच्च भरलेल्या जिवंत पेशींचा थर. प्रत्येक पेशीतलं पाणी तिच्या भिंतीवर आतून दाब देतं, आणि ताज्या भाजीत हा दाब मोटारीच्या टायरमधल्या हवेपेक्षाही जास्त असू शकतो. भाजीचा करकरीतपणा त्यातूनच येतो. पण आधीच ताणलेल्या भिंतीला आणखी ताण सोसत नाही. वाकवल्यावर कापाची बाहेरची बाजू लांबते, तिथे एक बारीकशी चीर पडते आणि ती क्षणात आरपार जाते.

त्यामुळे सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे जाडी. बाहेरच्या बाजूवर येणारा ताण जाडीच्या प्रमाणात वाढतो. 2 मिलिमीटर जाडीचा काप 1 सेंटिमीटर त्रिज्येच्या वळणावर वाकवला, तर त्याची बाहेरची बाजू सुमारे 10 टक्के लांबावी लागते. तोच काप 1 मिलिमीटरचा असेल तर 5 टक्के पुरतात. सुरीने सगळीकडे एकसारखा असा काप काढणं जवळजवळ अशक्य आहे. त्यासाठी मॅन्डोलिन, म्हणजे पातळ काप काढायची पात्याची किसणीच हवी, आणि बोटांसाठी त्याचा रक्षकही.

दुसरा उपाय मिठाचा. कापांवर चिमूटभर मीठ भुरभुरून दहाएक मिनिटं ठेवलं की त्यांना पाणी सुटतं. परासरणाने, म्हणजे बाहेरच्या खारटपणाकडे ओढलं जाऊन, पेशीतलं पाणी बाहेर येतं, आतला दाब उतरतो, भिंती सैल पडतात आणि काप लवतो. मग धुऊन कपड्यावर कोरडा करायचा. ज्यांना मीठही कमी खायचं आहे, त्यांनी काप थोडा वेळ वाफेवर धरावा. साधारण 60 अंश सेल्सियसच्या पुढे पेशींची पटलं फाटतात आणि दाब नाहीसा होतो. पण पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारं पेक्टिन विरघळायला याहून जास्त उष्णता आणि वेळ लागतो. या मधल्या टप्प्यातला काप वाकतो आणि तरी लगदा होत नाही. माझ्या मते मिठापेक्षा ही पद्धत सरस आहे.

सारण भरताना पुन्हा तेच परासरण आड येतं. खारट, पातळ सॉस कापावर पडला की काप पाणी सोडत राहतो. म्हणून खालच्या थरात अवोकाडोसारखं काहीतरी स्निग्ध लावावं, आणि सॉस अगदी खायच्या वेळी घालावा.

या कामाला जिकामा उत्तम. हा मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला कंद. त्यात सुमारे 90 टक्के पाणी असतं आणि तो आकाराने मोठा, म्हणून मोठे गोल काप मिळतात. सोलून फक्त कंदच खायचा. या वेलाच्या बियांमध्ये रोटेनोन नावाचं विष असतं. नवलकोल आणि पांढरा मुळाही चालतात. झुकिनीचा गोल काप लहान पडतो, आणि वांगं तेल पिऊन घेतं.

आता आकडे. मक्याच्या 100 ग्रॅम टॉर्टियात सुमारे 45 ग्रॅम कर्बोदकं असतात. तेवढ्याच जिकामात सुमारे 9 ग्रॅम, आणि त्यातला निम्मा भाग तंतुमय पदार्थांचा. रक्तातली साखर सांभाळणाऱ्यांना हा फरक फार मोलाचा आहे. पण टॉर्टियाबरोबर आणखीही काही जातं. त्यातली 5 ते 6 ग्रॅम प्रथिनं जिकामात 1 ग्रॅमही नसतात, चुन्यातून मिळणारं कॅल्शियम मिळत नाही, आणि उष्मांक 218 वरून 38 वर येतात. ही भर सारणातून घालावी लागते: कडधान्यं, अंडी, मासे, पनीर, पथ्याला जे चालेल ते. नुसत्या भाजीचं सारण भाजीच्या कापात घालून केलेलं जेवण तासाभरात जिरलं तर नवल नाही. ज्यांना फक्त ग्लुटेन टाळायचं आहे, त्यांनी हा खटाटोप करायचं कारणही नाही. गव्हाची भेसळ नसलेला निव्वळ मक्याचा टॉर्टिया त्यांना चालतो.

मूत्रपिंडाच्या आजारात पोटॅशियम मोजावं लागतं. अशा वेळी बीट, रताळं किंवा नवलकोल घेण्याआधी डॉक्टरांना विचारायला हवं, कारण 100 ग्रॅमला त्यांत 300 मिलिग्रॅमहून अधिक पोटॅशियम असतं, तर जिकामात त्याच्या निम्मंच. कापाऐवजी कोलार्डचं (कोबीच्या जातीतल्या पालेभाजीचं) रुंद पान वापरणाऱ्यांनीही, वॉरफॅरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध चालू असेल तर, जपावं. त्या पानात के जीवनसत्त्व भरपूर असतं आणि ते औषधाच्या विरुद्ध काम करतं. पानं खायचीच असतील तर रोजचं प्रमाण सारखं ठेवावं आणि तसं डॉक्टरांना आधी सांगावं, म्हणजे औषधाचा डोस त्या हिशेबाने ठरवता येतो.