अंगणात आलेली शाळा : गोष्ट आणि अनुभव यांची बोर्डी-कोसबाडची पार्श्वभूमी

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातला ४.६ क्रमांकाचा परिच्छेद सांगतो की अनुभवाधारित शिक्षण सर्व टप्प्यांवर यावे. त्याच वाक्यात हाताने करून शिकणे, कला आणि खेळ यांच्या जोडीला गोष्टीतून शिकवणेही आहे. तेव्हापासून शिक्षकांच्या प्रशिक्षणांत अनुभव आणि गोष्ट हे शब्द जोडीने कानावर येतात. ते ऐकले की मला डहाणू तालुक्यातले बोर्डी आणि कोसबाड आठवते. तिथे ही जोडी जमली ती मुले शाळेत येईनात म्हणून.

गोष्टीतून शिकवणे आपल्याकडे जुनेच. पंचतंत्राची सुरुवात अभ्यासात अजिबात लक्ष नसलेल्या तीन राजपुत्रांपासून होते. महिलारोप्य नगरीचा राजा अमरशक्ती हताश झालेला असतो, आणि विष्णुशर्मा सहा महिन्यांत त्यांना शहाणे करण्याचा पण करतो, तोही पशुपक्ष्यांच्या गोष्टींच्या बळावर. मराठीत महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी दृष्टान्त देत बोलत. केशिराजबासांनी त्यांचे ११४ दृष्टान्त ‘दृष्टान्तपाठा’त जमवले. पुढे कीर्तनकाराने आणि घरोघरच्या आजीने हे काम चालू ठेवले. इंग्रजी अमदानीतल्या शाळेत मात्र गोष्ट शिरली ती धडा होऊन, शेवटी तात्पर्य आणि खाली प्रश्न घेऊन.

या चौकटीला पहिला मोठा धक्का दिला भावनगरने. वकिली करणारे गिजुभाई बधेका स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता इटालियन बालशिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरींच्या विचारांपर्यंत पोहोचले. १९१६ मध्ये ते दक्षिणामूर्ती संस्थेत आले आणि १९२० मध्ये त्यांनी बालमंदिर उघडले. माँटेसरींना लहान मुलांना अद्भुत कथा सांगणे फारसे पसंत नव्हते. गिजुभाईंनी एवढ्या एका बाबतीत त्यांचे ऐकले नाही, आणि हा मला त्यांचा सर्वांत मोलाचा निर्णय वाटतो. त्यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातला शिक्षक चौथीच्या वर्गात पहिल्या दिवशी शांततेचा खेळ घ्यायला जातो आणि वर्गात नुसता गोंधळ माजतो. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सुरू करतो, आणि तीच मुले जागची हलत नाहीत. पुढचे वाचन, नाटक, खेळ, भटकंती हे सगळे त्या गोष्टीने जोडलेल्या नात्यावर उभे राहते.

या गिजुभाईंच्या कामात राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्या राहिलेल्या ताराबाई मोडक सहभागी झाल्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. ताराबाईंनी मराठीत शिक्षणपत्रिका चालवली, दादरला शिशुविहार उभारले. पण बालमंदिर शहरातल्या, ऐपतीच्या घरांपुरतेच राहते आहे ही खंत त्यांना होती. १९४५ मध्ये, वयाची पन्नाशी उलटल्यावर, त्या बोर्डीला आल्या. याच सुमारास अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. मोरगावात जन्मलेल्या, तेराव्या वर्षी लग्न होऊन काही महिन्यांतच विधवा झालेल्या आणि जिद्दीने शिकून पुण्यात शिक्षिका झालेल्या या बाईंनी पुढची सत्तेचाळीस वर्षे याच कामाला दिली.

बोर्डीत बालवाडी निघाली, पण दलित वस्तीतली आणि आदिवासी पाड्यांवरची मुले तिकडे फिरकेनात. आईबाप मजुरीला गेलेले, कडेवर धाकटे भावंड, दारात शेळी. मूल येणार कसे? तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. मुलांना नाहू-माखू घालायचे, केस विंचरायचे, मग गाणी, गोष्टी, खेळ. माँटेसरी साधने महाग, म्हणून शिंपले, गारगोट्या, बिया, पाने, फुले गोळा झाली. मोजायचे त्यांनीच, रंग ओळखायचे त्यांनीच, नक्षी मांडायची तीही त्यांनीच. ‘अंगणवाडी’ हा शब्द इथून निघाला.

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली मुलांना दिवसभर गुरे राखायची असत, तर शाळा कुरणात गेली. तीच कुरणशाळा. गुरांवर नजर ठेवत, झाडाखाली बसून शिकायचे. भावंड सांभाळणाऱ्या मुलींसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, म्हणजे तान्हे पाळण्यात ठेवून ताईला वर्गात बसता येई. आज आपण ‘अनुभवाधारित’ म्हणतो तेव्हा वर्गात एखादी कृती घेण्याचा विचार करतो. कोसबाडला मुलाचा अख्खा दिवसच अभ्यासक्रम धरला होता.

तिकडे वर्ध्याला ऑक्टोबर १९३७ च्या परिषदेतून गांधीजींची नई तालीम ही शिक्षणपद्धती पुढे आली होती. झाकीर हुसेन समितीने तिचा आराखडा केला. सूतकताई, शेती, हातकाम यांतून शिकणे हा तिचा गाभा. सरकारी शाळांत मात्र ती बहुतेक ठिकाणी टकळीच्या तासापुरती उरली.

ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. योजनेतल्या सहा सेवांमध्ये पूर्वप्राथमिक शिक्षण ही एक. पूरक आहार आणि लसीकरण यांनी असंख्य मुले जगवली, त्यांचे मोल मोठेच आहे. पण नोंदवह्या आणि वजनकाटा सांभाळणाऱ्या सेविकेला गोष्टीसाठी किती वेळ उरतो, हे तिला विचारावे.

१९८२ मध्ये रमेश पानसे आणि अनुताईंच्या पुढाकाराने ग्राममंगल संस्थेचे काम डहाणूतल्या ऐने गावी उभे राहिले. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने मूल स्वतः ज्ञान रचते हा विचार मध्यभागी आणला. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये कृती, शोध आणि धुंडाळणे यांतून शिकणे आले. साताऱ्यातल्या कुमठे बीटच्या (एका शिक्षण विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालच्या गटातल्या) शाळांनी ज्ञानरचनावाद वर्गात उतरवून दाखवला. ते पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले आणि परतल्यावर आपापल्या वर्गांच्या फरशा त्यांनी अंकांनी, अक्षरांनी रंगवल्या. ज्या शाळांत मुलांबरोबर बाईही त्या फरशीवर मांडी घालून बसल्या, तिथली मुले बोलती झाली. अनुताईंची शाळाही कुरणात अशीच भरत असे, बाई आणि मुले एकाच गवतावर.