श्वास मोजा, पूर्ण एक मिनिट

जनरल वॉर्डातला कुठलाही टीपीआर चार्ट, म्हणजे ताप, नाडी आणि श्वास लिहायचा तक्ता, उघडा. ताप वेगवेगळा, नाडी वेगवेगळी, पण श्वासाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत २०, २०, १८, २०, म्हणजे न मोजताच लिहिलेले. मी नर्सिंगच्या मुलामुलींना शिकवते, हे सारखं बघते आणि दर वेळी जीव तुटतो, कारण नाडी, बीपी, ऑक्सिजन मशीन सांगतं, हा आकडा मात्र आपल्याच डोळ्यांनी मोजावा लागतो, आणि पेशंट बिघडायला लागला की बऱ्याचदा हाच सगळ्यात आधी हलतो.

मोजायचं कसं, तर नाडी बघून झाली तरी मनगट सोडायचं नाही, बोटं तशीच ठेवायची आणि नजर छातीवर न्यायची. "आता तुमचा श्वास मोजते हं" म्हटलं की माणूस स्वतःच्या श्वासाकडे लक्ष देतो आणि आकडा बदलतो. पूर्ण ६० सेकंद मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणलं की एक श्वास चुकला तरी हिशोबात चारचा फरक पडतो. मोठ्या माणसाचे आरामात असताना १२ ते २० श्वास नॉर्मल. ब्रिटनमध्ये २०१२ साली आलेल्या न्यूज स्कोअरमध्ये (पेशंट किती बिघडलाय ते नाडी, बीपी, श्वास अशा निरीक्षणांना गुण देऊन ठरवायची पद्धत) श्वास २५ किंवा त्याच्या वर गेले तर त्या एकाच गोष्टीला ३ गुण, म्हणजे एका निरीक्षणाला मिळू शकतात तेवढे सगळे.

एक केस सांगते. विशीतला मुलगा, लहानपणापासून इन्सुलिनवर, ताप आणि उलट्या म्हणून ॲडमिट झालेला. चार्टवर श्वास २०. माझ्या स्टुडंटने मिनिटभर मोजले तर ३२ भरले. पण ऑक्सिमीटरवर ९८ होतं म्हणून ती म्हणाली, "मॅडम, ऑक्सिजन तर छान आहे." मी म्हटलं छान आहे ना, मग हा एवढा का धापतोय ते शोध.

तिच्या मनात पहिला आला न्यूमोनिया, ताप होताच. मग न्यूमोनिया असेल तर अजून काय सापडायला हवं? खोकला नव्हता, पाठीला स्टेथो लावला तर दोन्ही बाजूंना हवा स्वच्छ जात होती. दम्याची शिट्टीही नाही. घाबरलाय म्हणावं तर तो उलट सुस्त पडलेला. हे असं एकेक नाव घेऊन त्याच्या खुणा शोधायच्या आणि नाही सापडल्या की ते नाव मागे टाकायचं, निदानाचा विचार म्हणजे हेच. मग तिने नुसता आकडा सोडून श्वास कसा चाललाय ते बघितलं. खोल, लांब, एकसारखा, जीभ कोरडी ठाक, आणि तोंडाजवळ वाकल्यावर नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास. आई म्हणाली, तीन दिवस जेवलाच नाही म्हणून इन्सुलिन दिलं नाही. ग्लुकोमीटरवर आकडाच आला नाही, नुसतं 'हाय', म्हणजे साखर मशीनला मोजता येण्याच्या पलीकडे. तिने लगेच डॉक्टरांना बोलावलं.

(जेवण नाही म्हणून अशा पेशंटचं इन्सुलिन बंद करायचं नसतं, आजारपणात डोस किती ते डॉक्टरांना विचारायचं, हे घरच्यांना परत परत सांगा.)

झालं काय होतं, तर इन्सुलिन नाही म्हणून शरीराला साखर वापरता येईना, ते चरबी जाळायला लागलं, त्यातून कीटोन नावाची आम्लं रक्तात साचली. ती आम्लता कमी करायचा पटकन जमणारा मार्ग म्हणजे कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकणं. म्हणून धाप. फुफ्फुसं धडधाकट होती, ती रक्तासाठी राबत होती. जर्मन डॉक्टर ॲडॉल्फ कुसमॉल यांनी १८७४ मध्ये हाच श्वास नोंदवला, म्हणून त्याला कुसमॉल श्वास म्हणतात. सेप्सिसमध्ये, म्हणजे जंतुसंसर्गामुळे अवयव बिघडायला लागतात तेव्हा, रक्तात लॅक्टिक आम्ल वाढलं की श्वास असाच पळतो, आणि तेव्हाही ऑक्सिमीटर बराच वेळ सगळं ठीक दाखवू शकतो.

लहान मुलांचं गणित वेगळं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतलं ५०, आणि पाच वर्षांपर्यंतचं ४० किंवा जास्त श्वास घेत असेल तर तो जलद श्वास. रडताना मोजू नका, आईच्या मांडीवर शांत झालं की कुडतं वर करून पोट बघा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने तर ज्यांना आकडे मोजता येत नाहीत अशा बायांसाठीही सोय केली, एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर बाळाला न्यूमोनिया समजून उपचार सुरू करायचे.